रक्षण कुणाचं? पेप्टाइड्स आणि स्तनाच्या कर्करोगाची पेशी : प्रस्तावना

प्रयोगशाळेत दोन चाचण्या शेजारीशेजारी चालतात. पहिलीत डीपीपीएच नावाच्या रसायनाचं गर्द जांभळं द्रावण असतं. सोयाबीनच्या, माशाच्या किंवा दुधाच्या प्रथिनापासून काढलेली पेप्टाइड्स त्यात घातली की जांभळा रंग उतरत जाऊन पिवळ्यावर येतो. दुसरीत बरोबर उलटं घडतं. एमटीटी नावाचं पिवळं रसायन पेशींवर घालतात. पेशी जिवंत असतील तर त्या ते जांभळं करतात, मेलेल्या असतील तर पिवळं तसंच राहतं. पहिल्या चाचणीवरून म्हटलं जातं, की हे पेप्टाइड अँटिऑक्सिडंट आहे. दुसरीवरून म्हटलं जातं, की ते स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारतं. मग संशोधन-निबंधाच्या अखेरच्या परिच्छेदात ही दोन विधानं अलगद एकमेकांशी बांधली जातात : पेशी मेल्या, कारण पेप्टाइड अँटिऑक्सिडंट होतं. ही गाठ कुणी, कशाच्या बळावर मारली, हे तपासण्यासाठी पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

गाठ सोपी आहे, म्हणून ती गळी उतरते. ऑक्सिडेशननं डीएनए बिघडतो. बिघडलेल्या डीएनएतून कर्करोग होऊ शकतो. अँटिऑक्सिडंट ऑक्सिडेशन थोपवतं. सबब अँटिऑक्सिडंट कर्करोग थोपवतं. पहिलं विधान खरं आहे, दुसरंही खरं आहे आणि तिसरं निदान परीक्षानळीत तरी खरं आहे. चौथं मात्र या तिघांतून निघत नाही. कर्करोग होण्याआधीची पेशी आणि झाल्यानंतरची पेशी यांच्या गरजा वेगळ्या असतात, आणि निरोगी पेशीला जे वाचवतं ते रोगट पेशीलाही वाचवू शकतं. अँटिऑक्सिडंटला आपलं-परकं कळत नाही. त्यामुळे प्रत्येक दाव्यापुढे विचारायचा प्रश्न एकच : रक्षण कुणाचं होतंय?

भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांचा अंदाज सुमारे १ लाख ९२ हजारांचा होता आणि मृत्यूंचा सुमारे ९८ हजारांचा. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. इतक्या घरांत हा आजार शिरल्यावर ‘नैसर्गिक’, ‘प्रथिनयुक्त’, ‘अँटिऑक्सिडंट’ असं छापलेला प्रत्येक डबा कुठल्या तरी स्वयंपाकघराच्या फळीवर पोचतोच. म्हणून हा विषय केवळ जीवरसायनवाल्यांचा राहत नाही.

आधी पेप्टाइडची ओळख. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली की साखळी होते. साखळी लांब असेल तर तिला प्रथिन म्हणतात, दोनपासून पन्नासेक कड्यांपर्यंतची असेल तर पेप्टाइड. ही हद्द कुणी पक्की आखलेली नाही. अखंड प्रथिनात पुष्कळ क्रियाशील गट घडीच्या आत दडलेले असतात. पेप्सिन, ट्रिप्सिन, पपेन किंवा कारखान्यात वापरतात ते अल्कलेज अशा विकरांनी प्रथिन तोडलं की हे गट उघडे पडतात. मग बारीक गाळण्यांतून मिश्रण नेऊन तीन किलोडाल्टनखालचा, म्हणजे ढोबळमानानं पंचवीसेक कड्यांहून लहान तुकड्यांचा भाग वेगळा काढतात. बहुतेक निबंधांतलं ‘पेप्टाइड’ म्हणजे हे शेकडो तुकड्यांचं मिश्रण असतं. एकच ओळखलेलं, शुद्ध केलेलं पेप्टाइड त्यामानानं क्वचित भेटतं.

या तुकड्यांचा अँटिऑक्सिडंट गुण त्यांच्या कड्यांतून येतो. सिस्टीनमधला गंधकाचा गट इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो. टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन आपल्या वलयावरून हायड्रोजन सोडतात आणि उरलेला अस्थिरपणा त्याच वलयात जिरवतात. हिस्टिडीन लोह आणि तांबं धरून ठेवतं. हे शेवटचं काम दिसतं तेवढं किरकोळ नाही : मोकळ्या लोहाला हायड्रोजन पेरॉक्साइड भेटलं की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो आणि तो समोर येईल त्या रेणूला, डीएनएलाही, जागच्या जागी चावतो. लोहच हाती लागू दिलं नाही तर हा प्रसंग टळतो. म्हणजे रसायनशास्त्र म्हणून पेप्टाइडचा अँटिऑक्सिडंटपणा अगदी खरा आहे. त्याबद्दल वाद नाही.

कच्चा माल कुठून कुठून येतो याची यादी लांबवण्यात मला रस नाही. दूध, अंडी, तांदळाचा कोंडा, शिंपले, माशांच्या कारखान्यांत उरलेलं मांस. तैवानमध्ये टूनाच्या अशाच उरलेल्या काळसर मांसातून काढलेली दोन पेप्टाइड्स स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ या पेशींवर तपासली गेली आणि पेशींची वाढ मंदावली. सोयाबीनमधल्या लुनासिनचा उल्लेख मात्र करायला हवा. ४३ कड्यांचं हे पेप्टाइड. त्याच्या शेपटाला अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या कड्यांची रांग आहे आणि तिच्या आधी पेशीला चिकटण्यासाठी उपयोगी पडणारी तीन कड्यांची खूण आहे. १९९९ साली बर्कलेच्या गाल्वेझ आणि डी लुमेन यांनी दाखवलं, की त्याचा जनुक सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातला तर पेशींचं विभाजन अडतं. त्यानंतर लुनासिन स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशींवरही तपासलं गेलं. लक्षात घ्यायचं ते असं, की लुनासिनच्या या कर्तबगारीचं स्पष्टीकरण त्याच्या अँटिऑक्सिडंट गुणातून दिलेलं नव्हतं. ते डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांशी जोडलेलं होतं. लातूर-विदर्भातल्या सोयाबीनला याच्या जोरावर औषधाचा दर्जा द्यायला काही मंडळी उत्सुक असतात. पेंडीला बरा भाव मिळाला तर आनंदच आहे, पण प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या बशीतला परिणाम आणि ताटातलं सोयाबीन यांच्यामध्ये आख्खी पचनसंस्था उभी असते.

आता या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं पेप्टाइड. ते बाहेरून आणावं लागत नाही, ते पेशीत असतंच. ग्लुटाथिओन : ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन, ग्लायसीन, अशा तीनच कड्या. केंब्रिजच्या फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये ते वेगळं काढून त्याला हे नाव दिलं. सुरुवातीला ते दोन कड्यांचं वाटलं होतं, १९२९ मध्ये तीन असल्याचं ठरलं. पहिला जोड नेहमीच्या जागी नसून ग्लुटामिक आम्लाच्या बाजूच्या हातावर असतो, त्यामुळे पेशीतली प्रथिनं तोडणारी नेहमीची विकरं त्याला सहज तोडू शकत नाहीत. पेशीत ते एक ते दहा मिलिमोलर इतकं असतं. पेशीतल्या लहान रेणूंचा विचार करता हे प्रमाण भरघोस आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी करणं, परकी रसायनं बांधून पेशीबाहेर ढकलणं, प्रथिनांमधले बिघडलेले गंधकाचे जोड पूर्ववत करणं, ही त्याची रोजची कामं. पेप्टाइडच्या अँटिऑक्सिडंट परिणामाचा याहून ठसठशीत नमुना जीवसृष्टीत सापडणं कठीण. आणि कर्करोगाच्या पेशीनं नेमका हाच नमुना आपल्या कामाला लावलेला आहे.

कर्करोगाची पेशी घाईत असते. तिची मायटोकाँड्रिया वेगानं चालतात, तिचे चयापचयाचे मार्ग वळवलेले असतात, आणि या सगळ्यातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निरोगी पेशीपेक्षा जास्त तयार होतात. थोड्या प्रमाणात ते तिला हवंच असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड वाढीच्या संदेशांना लगाम घालणारी काही विकरं तात्पुरती बंद पाडतं, त्यामुळे ‘वाढ’ हा संदेश चालू राहतो. प्रमाण फार झालं तर मात्र पेशी मरते. या दोन टोकांमध्ये तोल सांभाळायचा तर जबर अँटिऑक्सिडंट यंत्रणा लागते, आणि ती पेशी उभारते. एनआरएफ-२ नावाचं प्रथिन ही यंत्रणा चालू करतं. २०११ साली दिसून आलं, की रास, मिक यांसारखे कर्करोगाला चालना देणारे जनुक स्वतःच एनआरएफ-२चा कार्यक्रम वाढवतात. म्हणजे अँटिऑक्सिडंट बळ हे रोगाच्या बांधणीतच आलं.

स्तनाच्या पेशींच्या बाबतीत याहून बोलका प्रयोग २००९ मध्ये हार्वर्डमध्ये जोन ब्रुगी यांच्या प्रयोगशाळेत झाला. स्तनाच्या नलिकेतली पेशी आपल्या आधारापासून सुटून नलिकेच्या पोकळीत पडली तर एरवी मरते. तिला साखर आत घेता येत नाही, ऊर्जा घटते, ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. हा शरीराचा एक जुना बंदोबस्त आहे : जागा सोडलेल्या पेशीनं जगायचं नाही. या पेशींना संशोधकांनी अँटिऑक्सिडंट दिलं. पेशी तगल्या. जागा सोडूनही जगणं हे गाठ पसरण्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल असतं, त्यामुळे हा निकाल वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. पुढे २०१५ मध्ये टोरांटोच्या टाक माक यांच्या गटानं उंदरांतल्या स्तनाच्या गाठींवर दाखवलं, की गाठ सुरू होताना तिला ग्लुटाथिओनची गरज लागते. गाठ उभी राहिल्यावर थायोरेडॉक्सिन ही दुसरी यंत्रणा तिच्या मदतीला येते, आणि दोन्ही एकदम अडवल्या तर कर्करोगाच्या पेशी मरतात. इथे उपचाराची दिशा चक्क अँटिऑक्सिडंट काढून घेण्याची आहे. त्याच वर्षी डॅलसमध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाला मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाबाबत असंच काही सापडलं : रक्तातून प्रवास करणाऱ्या पेशींना ऑक्सिडेशनचा ताण मारत असतो, आणि उंदरांना अँटिऑक्सिडंट दिलं की रोग जास्त पसरतो.

हे उंदीर आणि बशा झाल्या. माणसांत काय घडलं? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरातलं बीटा-कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी, केअरेट, १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे आकडा २८ टक्के होता. ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. ही पेप्टाइड्स नव्हती आणि हा स्तनाचा कर्करोग नव्हता, हे खरं. तरीही ‘ऑक्सिडेशन थोपवा, कर्करोग थोपेल’ या साध्या समीकरणाची ही मोठी परीक्षा होती, आणि समीकरण त्या परीक्षेत नापास झालं.

स्तनाच्या कर्करोगाबद्दलही एक थेट निरीक्षण आहे. अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या १,१३४ रुग्णांना एका मोठ्या चाचणीत विचारण्यात आलं, की उपचाराआधी आणि उपचारादरम्यान तुम्ही कोणत्या गोळ्या घेत होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही काळांत अँटिऑक्सिडंट पूरकं घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा निकाल काठावरचा आहे आणि निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते त्यातून कळतं. कारणाचा अंदाजही बांधता येतो. क्ष-किरणांच्या उपचारात डीएनएचं बहुतांश, ढोबळमानानं दोन तृतीयांश, नुकसान हायड्रॉक्सिल मूलकांमार्फतच होतं. आपल्याकडे ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात त्या डॉक्सोरुबिसिनचा मुख्य मारा टोपोआयसोमरेज या विकरावर असला, तरी त्यातूनही ऑक्सिजनचे मूलक तयार होतात. रेडिएशनला बसायच्या सकाळी मूठभर अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणं म्हणजे एका हातानं औषध देऊन दुसऱ्या हातानं काढून घेण्याचा धोका पत्करणं.

डॉक्सोरुबिसिनच्या प्रकरणात दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. या औषधाचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होतो, म्हणून त्याच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेवर बंधन असतं. हृदयाला वाचवणारं आणि गाठीला न वाचवणारं एखादं पेप्टाइड सापडलं तर तो मोठाच लाभ होईल. हेझल सेटो आणि पीटर शिलर यांनी घडवलेलं चार कड्यांचं एसएस-३१ हे पेप्टाइड पेशीत शिरून मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यावर जाऊन बसतं. अशा नेमक्या जागी काम करणाऱ्या पेप्टाइडांबद्दल मला उत्सुकता आहे. पाण्यात विरघळून सगळीकडे पसरणाऱ्या मिश्रणांबद्दल ती नाही.

आता ज्या पेशींवर हे सगळं तपासलं जातं त्यांच्याकडे वळू, कारण या विषयातला निम्मा गोंधळ तिथे आहे. एमसीएफ-७ या पेशी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका जोगिणीच्या शरीरातून आल्या. तिचं वय ६९ होतं, रोग पसरलेला होता, आणि १९७० मध्ये तिच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून या पेशी घेतल्या गेल्या. डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल आणि सहकाऱ्यांनी त्या वाढवल्या आणि १९७३ मध्ये तशी नोंद प्रसिद्ध केली. नावातली पहिली तीन अक्षरं त्या संस्थेची. या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राहक (रिसेप्टर) आहे, त्यामुळे हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगाचं आणि टॅमॉक्सिफेन या औषधाचं बरंचसं ज्ञान त्यांच्यातून मिळालं. एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या प्रसिद्ध पेशी टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसनच्या, त्यांच्यात इस्ट्रोजेनचा ग्राहक, प्रोजेस्टेरोनचा ग्राहक आणि हर-२ हे प्रथिन यांपैकी कशाचीच खूण ठळक नाही, म्हणून त्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ रोगाच्या प्रतिनिधी मानल्या जातात. आज दोन्ही जगभर वाटल्या गेल्या आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ महाविद्यालयांत त्या पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून येतात.

पेशी बशीत वाढवायची विद्या महाराष्ट्रात रुजवणाऱ्या व्यक्तीचं नाव इथे घ्यायलाच हवं. कमल रणदिवे, जन्म १९१७, पुणे. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली काम सुरू केलं, १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि मग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या. हे गाय म्हणजे १९५१ साली हेला या प्रसिद्ध कर्करोग-पेशी वाढवणारे. परत आल्यावर रणदिव्यांनी मुंबईत भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा परस्परसंबंध अभ्यासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. एक पेशी, एक रसायन, एक आकडा असा त्यांचा विचार नव्हता. गाठ ही शरीरात, हार्मोन्सच्या सोबतीनं वाढते हे त्या धरून चालत. आजच्या पेप्टाइडवाल्या निबंधांत नेमकं हेच भान हरवतं.

बशीतली पेशी फसवते, आणि ती कशी फसवते हे आता पुष्कळ माहीत आहे. १९८६ मध्ये लक्षात आलं, की पेशींच्या खाद्यद्रवाला गुलाबी रंग देणारं फिनॉल रेड सौम्य इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि एमसीएफ-७ना वाढवतं. तोवर ‘हार्मोनविरहित’ समजलेले प्रयोग तसे नव्हते. स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या एमडीए-एमबी-४३५ या पेशी मेलेनोमाच्या निघाल्या. डॉक्सोरुबिसिनला न जुमानणाऱ्या एमसीएफ-७ म्हणून ज्या पेशींवर ग्लुटाथिओन आणि औषधप्रतिकार यांचं नातं अभ्यासलं गेलं, त्यांतला एक प्रसिद्ध वंश प्रत्यक्षात बीजकोशाच्या कर्करोगाचा होता. आणि खरी एमसीएफ-७ तरी एक आहे का? २०१८ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या २७ एमसीएफ-७ वंशांवर ३२१ संयुगं तपासली गेली. काही वंशांना जोरदार अडवणाऱ्या संयुगांपैकी किमान तीन चतुर्थांश संयुगं दुसऱ्या काही वंशांवर पूर्ण निष्प्रभ ठरली. एका गावात एमसीएफ-७ मारणारं पेप्टाइड दुसऱ्या गावात निरुपद्रवी ठरलं, तर यात कुणी खोटं बोललंच असेल असं नाही.

त्यावर मोजमापाच्या खोड्या. सुरुवातीच्या दोन चाचण्या आठवा. त्या दोन्हींत शेवटी इलेक्ट्रॉनच दिला-घेतला जातो. मोकळा गंधकगट असलेलं पेप्टाइड पेशींची मदत न घेता, स्वतःच, एमटीटीला जांभळं करू शकतं. मग मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. याची उलट फसगतही होते. सिंगापूरमध्ये बॅरी हॅलिवेल आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की चहातल्या पॉलिफेनॉलांसारखी अँटिऑक्सिडंट संयुगं पेशींच्या खाद्यद्रवात टाकली की ती तिथल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी त्या पेरॉक्साइडनं मरतात. अँटिऑक्सिडंटनं पेशी मारल्या, पण ऑक्सिडेशन करून! सिस्टीनयुक्त पेप्टाइडांनाही हा दोष लागू शकतो. भर म्हणून बशीवरच्या हवेत वीसेक टक्के ऑक्सिजन असतो, आणि गाठीच्या आत काही टक्केच, कुठे कुठे त्याहूनही कमी.

परीक्षानळीतले अँटिऑक्सिडंट आकडे खाद्यपदार्थांच्या जाहिरातींत इतके पसरले, की अमेरिकेच्या कृषी खात्यानं आपली ‘ओरॅक’ गुणांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. या गुणांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही, असं कारण दिलं गेलं. आपल्याकडच्या डब्यांवर ते आकडे त्यानंतरही दिसत राहिले.

मात्रेचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. अन्नातून काढलेल्या पेप्टाइड-मिश्रणांचे परिणाम पुष्कळदा मिलीलीटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास दिसतात. शरीरात पाच लीटर रक्त धरलं, तर तेवढं प्रमाण गाठायला पाच ग्रॅम पेप्टाइड न पचता, न तुटता, एकाच वेळी रक्तात हजर हवं. आतड्यातून दोन-तीन कड्यांचे तुकडे बरे शोषले जातात, लांब तुकडे फार थोडे. आणि रक्तात पोचलेल्या साध्या पेप्टाइडचं आयुष्य बहुधा मिनिटांचं असतं. तोंडावाटे घेतलेलं ग्लुटाथिओनसुद्धा मोठ्या प्रमाणात आतड्यातच सुटं होतं, मग गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्या गोळ्यांबद्दल काय बोलायचं.

एवढं वाचून पेप्टाइडांचा स्तनाच्या कर्करोगाशी काही संबंधच नाही असं कुणाला वाटेल, तर तेही चूक ठरेल. गोसेरेलिन हे दहा कड्यांच्या नैसर्गिक हार्मोनचं बदललेलं रूप आहे. पाळी न गेलेल्या अनेक रुग्णांना पोटाच्या कातडीखाली दर अठ्ठावीस दिवसांनी त्याची ३.६ मिलिग्रॅमची बारीक कांडी बसवतात, आणि त्यानं बीजकोशांचं काम थांबतं. मेंदूतल्या मूळ हार्मोनचा शोध लावणाऱ्या गिलेमँ आणि शॅली यांना १९७७ चं नोबेल मिळालं. हे पेप्टाइड औषध ठरलं ते एका ठरावीक ग्राहकावर, ठरावीक मात्रेत, ठरावीक काम करतं म्हणून. मधमाशीच्या विषातलं २६ कड्यांचं मेलिटिन २०२० मध्ये पर्थच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-२ वाढलेल्या पेशी त्यानं झपाट्यानं मारल्या. ते पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. निरोगी पेशींना सोडून फक्त हव्या त्या पेशीला भोकं पाडायला त्याला शिकवायचं कसं, हे काम अजून बाकी आहे. या दोघांपैकी कुणाचंही यश अँटिऑक्सिडंट गुणावर उभं नाही.

हे पुस्तक कुणी रुग्ण किंवा तिच्या घरचं माणूस वाचत असेल, तर त्यांच्यासाठी चार शब्द. रोज डाळ, दूध, अंडी, मासे, भाज्या खाण्यात काहीच गैर नाही. केमोच्या काळात प्रथिनं लागतातच, आणि डॉक्टर ती सांगतातही. इथली चर्चा जेवणाबद्दल नसून गाळून, आटवून, मोठ्या मात्रेत घेतल्या जाणाऱ्या पूरकांबद्दल आहे. शेजारच्या काकूंनी दिलेला गव्हांकुराचा रस, मावसभावानं दुबईहून आणलेल्या गोळ्या, जिममधल्या पुतण्यानं सुचवलेली पेप्टाइड पावडर, यांची नावं कागदावर लिहून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ‘काही घेत नाही’ असं सांगण्याची आपल्याकडे सवय आहे, कारण विचारलं तर रागावतील असं वाटतं. रागावले तरी सांगा.

आणि संशोधन करणाऱ्या तरुण वाचकांसाठी एक मागणं. या विषयावरचे शेकडो निबंध एकाच साच्यात बसतात, आणि तो साचा मोडणं फारसं महाग नाही. पेशींचा वंश डीएनए तपासून खात्री करून घ्यावा. एमसीएफ-७ सोबत एमसीएफ-१०ए, म्हणजे स्तनाच्या कर्करोग नसलेल्या पेशी, त्याच मात्रेत त्याच दिवशी तपासाव्यात. एमटीटीचा रंग पेशी नसलेल्या खळगीतही पाहावा. पेप्टाइड एकटं द्यावं, आणि डॉक्सोरुबिसिनसोबतही द्यावं. औषधाचा परिणाम त्यानं वाढला की घटला हे स्पष्ट छापावं, घटला असेल तर विशेष ठळक छापावं. शेवटी खाद्यद्रवात कॅटलेज घालून सगळं पुन्हा करावं. कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून टाकतं. ते घातल्यावर पेशी मरायच्या थांबल्या, तर मारणारं पेरॉक्साइड होतं आणि पेप्टाइड फक्त ते बनवत होतं. कॅटलेज घालूनही पेशी मेल्या, एमसीएफ-१०ए जगल्या आणि डॉक्सोरुबिसिनचं काम बिघडलं नाही, तर मात्र तो निबंध पहिल्यांदा मला पाठवा.